पहिल्या फेरीत व्याही

मुलीच्या बापाने हरायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते हवेतच असतं. मुलीचं लग्न ठरलं की मान आपोआप थोडी खाली जाते, आवाज मऊ होतो आणि "तुम्ही म्हणाल तसं" हे वाक्य जिभेवर मुक्कामाला येतं. मी खरं तर जन्माचा तिरसट. बुधवार पेठेत माझं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाला "नाही" म्हणताना मला जो आनंद होतो तो "आहे" म्हणताना होत नाही. पण लेकीचं लग्न ठरलं आणि माझीसुद्धा गोगलगाय झाली.

लग्न तिने स्वतःच जमवलं, कंपनीतल्या मुलाशी. मुलगा चांगला. कमी बोलतो, आणि जे बोलतो ते खरं असतं. त्याची आई साधी बाई. अडचण एकच, मुलाचे वडील. निवृत्त प्राध्यापक. वाघोलीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि तिथेच फ्लॅट घेऊन राहिले होते. ते बुद्धिबळ खेळायचे. नुसतं गंमत म्हणून नव्हे, स्पर्धांत उतरून, रीतसर रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, मिळवून. पहिल्यांदा आमच्या धायरीच्या घरी आले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन माणसं जे विचारतात ते त्यांनी काही विचारलं नाही. मूळ गाव कोणतं, भावंडं किती, काही नाही. कपाटावर ठेवलेला माझा पट त्यांना दिसला.

"आपण खेळता? रेटिंग किती?"

"तेराशेच्या आसपास," मी म्हणालो. त्यांचं एकोणीसशेच्या पुढे होतं, हे मला लेकीने आधीच सांगून ठेवलं होतं.

"असू दे," ते म्हणाले.

फरशीवर चहा सांडला की पाहुणे ज्या आवाजात "असू दे" म्हणतात ना, तो आवाज. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मी मुलीचा बाप. हसलो.

तिथेच बश्या सरकवून डाव मांडला गेला. पहिला डाव मी प्रामाणिकपणे हरलो. मग त्यांनी मी कुठे चुकलो ते समजावून सांगितलं. डावापेक्षा समजावणं लांबलं. "तुमचे मोहरे उशिरा बाहेर येतात. हा उंट बघा, अजून घरातच बसलाय." उंटाबद्दल असं बोलत होते की मलाच कुठे नोकरी लागत नव्हती असं वाटावं.

पुढच्या खेपेला लग्नाची बैठक होती. मानपान, देणंघेणं, कुणाकडून किती माणसं, सगळं बोलून झाल्यावर पुन्हा पट. या वेळी माझा डाव बरा चालला होता. अगदी जिंकण्यासारखा नव्हे, पण बरा. आमची ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळे मोठे करत होती. तिला हत्ती आणि उंट यांतला फरक कळत नाही, पण व्याह्यांच्या कपाळाला आठी पडली की काहीतरी बिनसलंय एवढं तिला बरोबर कळतं. म्हटलं, जाऊ दे. उंट उचलून जिथे मारता येईल तिथे ठेवला. व्याही खूश. ही खूश. बैठक सुखाने पार पडली.

आणि मग ती सवयच लागली. साखरपुडा झाला, खरेदी झाली, ते येत राहिले आणि मी हरत राहिलो. काही दिवसांनी तर मलाच कळेना की मी खरा हरतोय की मुद्दाम. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, त्यात तोंडही माझं आणि बुक्क्याही माझ्याच.

लेकीच्या मात्र नजरेतून ते सुटलं नाही. तिला खेळायला मीच शिकवलं होतं. एका संध्याकाळी व्याही मंडळी गेल्यावर ती पट आवरत म्हणाली, "बाबा, तो घोडा तुम्ही देऊन टाकलात."

"चुकलो गं."

"शेजारच्या दुकानातल्या चाचांशी खेळताना तुम्ही असे चुकत नाही. आणि चुकलात तर अख्ख्या पेठेला ऐकू जातं."

हे खरं होतं. चाचांचं बल्ब आणि वायरींचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही खेळतो आणि असे भांडतो की लोक सोडवायला येतात.

"अगं, मान ठेवावा लागतो त्यांचा," ही आतून म्हणाली.

"मान ठेवा ना. घोडा कशाला देता?" लेक म्हणाली. आणि मग एकदम तिचा आवाज खाली आला. "बाबा, उद्या मी त्या घरात जाणार. मला एखादी गोष्ट येत असेल तरी येत नाही म्हणायचं का? पटत नसेल तरी पटलं म्हणायचं? असंच असतं का ते? मला भीती वाटायला लागलीय."

माझी मुलगी कशाला म्हणून भ्यायली नव्हती. झुरळ चपलेने मारून चप्पल धुवून ठेवणारी मुलगी ती. आणि ती भ्यायली होती. सासऱ्याला नव्हे हो, मला बघून. माझ्यासारखा भांडकुदळ माणूस जर त्या लोकांपुढे असा विरघळत असेल तर आपलं काय होणार, असं तिला वाटत होतं. मी उगाच टीव्हीचा आवाज वाढवला.

लग्नाच्या तोंडावर एका रविवारी एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. तिथे मी नाव दिलं होतं ते लग्न ठरण्याच्या आधी. जायचं नाही असं ही म्हणत होती, पत्रिका वाटायच्या राहिल्या होत्या. पण पैसे भरलेले, आणि भरलेले पैसे सोडणारा माणूस पुण्यात मी तरी बघितलेला नाही. गेलो.

अशा स्पर्धांत पहिल्या फेरीची एक पद्धत असते. रेटिंगप्रमाणे सगळ्यांची यादी लावतात, मधोमध तोडतात आणि वरच्या अर्ध्यातल्यांना खालच्या अर्ध्यातले नाश्त्याला देतात. मी कुणाचा तरी नाश्ता होणार हे माहीतच होतं. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर माझं नाव शोधलं आणि त्याच्यासमोरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. लग्नाच्या पत्रिकेत जे नाव मी स्वतः छापून घेतलं होतं तेच नाव होतं ते. आमचे व्याही.

घरी फोन लावला.

"हरा आणि लवकर या," ही म्हणाली. "तसेही हरणारच आहात, तर जरा भरभर हरा. पत्रिका पडल्यात."

मग फोनवर खुडबुड झाली आणि लेकीचा आवाज आला. "बाबा, खेळा." एवढंच. फोन ठेवला.

टेबलाशी गेलो. व्याही लांबून येताना दिसले आणि माझे पाय आपोआप सरळ झाले. "या या," मी म्हणालो, जणू ते कार्यालय मीच बांधलं होतं. "इकडे बसा, पंख्याखाली." पंख्याखालची खुर्ची काळ्या मोहऱ्यांची होती, म्हणजे माझी. ते बसायलाही लागले. पंच म्हणून एक पंचविशीतली मुलगी फिरत होती. नाकावर माशी बसू न देणारी.

"काका, कुणी कुठल्या बाजूला बसायचं ते आम्ही ठरवलंय. यजमानगिरी नको."

व्याही उन्हाच्या बाजूला जाऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डाव सुरू झाला. त्यांनी पहिलं प्यादं पुढे टाकलं आणि घड्याळाचं बटण दाबलं. म्हणजे आता माझा वेळ जायला लागला. मी चाल लिहून घेत होतो तेवढ्यात ते घसा खाकरून इकडेतिकडे बघत पुटपुटले, "चहा मिळतो का हो इथे?"

आता, कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? स्वतःचं घड्याळ टिकटिक करत असताना जागेवर बसून चाल खेळली असती. मी उठलो. खरंच उठलो हो! मुलाकडच्या माणसाने चहा म्हटला की मुलीकडचा माणूस उठतो. त्यात डोकं लागत नाही, पाय पुरतात. बाहेर चहावाल्याकडे रांग होती. मी रांगेत उभा राहिलो. दोन कप आणि बिस्किटं घेऊन परत आलो तेव्हा माझ्या वेळातला बराच मोठा तुकडा चहावाल्याने खाल्ला होता.

पंच मुलगी टेबलाशी उभीच. "काका, तुमचं घड्याळ चालू आहे."

"हो, पण हे आमचे व्याही आहेत."

"इथे व्याही नसतात. इथे टेबल नंबर असतो. आणि बिस्किटं बाहेर खायची."

आजूबाजूचे लोक हसले. आमच्या शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा तर चाल विसरून हसत होते. व्याह्यांनी शांतपणे कप घेतला, एक घोट घेतला.

"साखर जास्त झालीय," ते म्हणाले. "असू दे."

बस्स. एवढ्या दिवसांत त्यांनी माझे मोहरे मारले, माझ्या उंटाचा उद्धार केला, मी सगळं गिळलं. पण रांगेत उभं राहून, स्वतःचा वेळ जाळून आणलेल्या चहाला "असू दे"? माझ्या डोक्याची शीर तटकन उडाली. मनातल्या मनात म्हटलं, थांबा प्राध्यापक, आता तुम्हाला बिनसाखरेचा पाजतो.

घरी इतके डाव हरलो त्याचा एक फायदा झाला होता. हा माणूस काय खेळतो ते मला पाठ झालं होतं. राजाच्या समोरची प्यादी भराभर पुढे ढकलायची, वजीर बाहेर काढायचा आणि समोरचा घाबरला की मोहरा अर्पण करून दार फोडायचं. घरी मी दार आतून उघडूनच देत असे. इथे मी कडी लावली. एकेक चाल मुकाट्याने, बचावाची, कंटाळवाणी. दुकानात काउंटरमागे बसून गिऱ्हाइकाला कंटाळवायचा माझा जन्मभराचा सराव आहे, तो कामी आला.

त्यांनी घोडा अर्पण केला. मोठ्या दिमाखात. मला वाटलं, मी कुठे चुकतोय का? पुन्हा पुन्हा बघितलं. काहीच नव्हतं. घोडा घेतला. मग त्यांनी एक शह दिला, दुसरा शह दिला, आणि तिसरा काही सापडेना. हल्ला संपला. त्यांच्याकडे एक घोडा कमी, माझ्याकडे वेळ कमी. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या तोंडाकडे. मग एक चाल खेळून ते हळूच म्हणाले,

"बरोबरी करू या. व्याही आहोत. बरं दिसतं ते."

आणि घड्याळ दाबलं.

मुलाकडच्यांनी काही देऊ केलं तर मुलीकडच्यांनी ते दोन्ही हातांनी घ्यायचं असतं. एकोणीसशेवाल्याशी तेराशेवाल्याची बरोबरी, म्हणजे माझ्या दृष्टीने दिवाळीच. हिला आनंद होणार होता. त्यांचीही लाज राहणार होती. सगळ्यांचं सगळं राहणार होतं. "बरं" हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला. आणि मला लेकीचा तो खाली गेलेला आवाज आठवला. घरी जाऊन मी तिला काय सांगणार होतो? बरोबरी झाली? ती विचारणार, झाली की दिली? आणि मग ती त्या घरात जाऊन आयुष्यभर दिलेलं घेत बसली असती, बरं दिसतं म्हणून.

"नाही," मी म्हणालो. "खेळू या."

"नाही" हा शब्द मी दुकानात उठता बसता वापरतो. पण त्या दिवशी तो घशातून काढताना मला घाम फुटला.

व्याह्यांचे कान लाल झाले. त्यानंतर ते रागात भरभर खेळायला लागले, आणि रागात भरभर खेळणाऱ्याचं काय होतं हे चाचांनी मला कित्येकदा दाखवलंय. त्यांचा राजा आणि हत्ती अशा दोन घरांवर येऊन बसले की माझ्या घोड्याला एका उडीत दोघांवर तोंड टाकता येईल. मी घोडा टाकला. राजाला शह. राजा हलवावाच लागणार, आणि हत्ती जाणार. ते खूप वेळ बघत बसले. मग त्यांनी राजा आडवा केला, म्हणजे हार मानली.

आम्ही हात मिळवला. त्यांनी नुसती बोटांची टोकं दिली. माझ्या तोंडून सवयीने गेलं, "माफ करा हं."

"काका," पंच मुलगी म्हणाली, "जिंकलेल्याने माफी मागायची नसते. निकालावर सही करा."

व्याह्यांनी सही केली, पुढच्या फेऱ्यांतून नाव काढून घेतलं आणि एक शब्द न बोलता निघून गेले. माझी छाती फुगली होती ती तिथेच फुस्स झाली. उरलेल्या सगळ्या फेऱ्या मी हरलो, त्यातली एक तर खुर्चीवर उशी ठेवून बसलेल्या मुलीकडून.

घरी हिने पाणीसुद्धा विचारलं नाही. "लग्न मोडलं ना," ती म्हणाली, "तर तुमच्या त्या घोड्यावर बसून तुम्हीच वरात काढा." लेकीने मात्र मला पट मांडायला लावून अख्खा डाव बघितला, बरोबरी नाकारली तिथे टाळी दिली. पण तिचा जीव फोनकडे होता. थोड्या वेळाने मुलाचा फोन आला. ती गॅलरीत जाऊन बोलली आणि परत आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. "त्याचे बाबा घरी आल्यापासून खोलीतच आहेत. कुणाशी बोलत नाहीत, जेवलेही नाहीत." ही माझ्याकडे बघत राहिली. मी दुसरीकडे बघत राहिलो. हात दाखवून अवलक्षण केलं होतं मी.

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. गिऱ्हाइकांच्या मागे एक ओळखीचा चष्मा दिसला. व्याही. वाघोलीहून बसने आले होते, घामेजले होते. मी काउंटरवरून जवळजवळ उडी मारली. स्टूल पुढे केलं. "या या, बसा, चहा..."

"चहा नको," ते बसत म्हणाले. "एक विचारायचंय. घरी आपले जे डाव झाले ते खरे होते का?"

मी उगाच काउंटर पुसायला घेतला.

"पहिला खरा होता," मी कसंबसं म्हणालो.

"आणि बाकीचे?"

"काही होते. आता कोणते ते मलाच सांगता येणार नाही."

त्यांनी समोरच्या ढिगातला एक रिमोट उचलला आणि परत ठेवला. "निवृत्त झाल्यापासून माझ्याशी कुणी खेळत नाही," ते म्हणाले. "मुलाला आवड नाही. सोसायटीतले म्हणतात, सर फार बोलतात. तुमच्याकडून परत गेलो की मी आपले डाव पुन्हा मांडून बघायचो. हिला सांगायचो, व्याही सुधारतायत हळूहळू. आणि तुम्ही मला खेळवत होतात." मग त्यांनी मान वर केली. "तुमची मुलगी आता आमच्याकडे येणार. तिनेही असंच गोडीगुलाबीने हरत राहायचं ठरवलं असेल तर आत्ताच सांगा. मला घरात पाहुणी नकोय. पाहुण्यांशी किती दिवस बोलणार माणूस?"

काल मंगल कार्यालयात मला हा माणूस हरवायचा होता. आज मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण ते पुन्हा मुलीकडच्यासारखं झालं असतं.

"ती?" मी म्हणालो. "अहो, ती मला सोडत नाही, तुम्हाला काय सोडते! भाजीत मीठ कमी आहे म्हणालात तर मिठाची बरणी आणून तुमच्यासमोर आदळेल."

"आदळू दे," ते म्हणाले. आणि पिशवीतून त्यांनी छोटा प्रवासी पट काढला.

काउंटरवरचे चार्जर बाजूला सारून मांडला. एक गिऱ्हाईक विचारत होतं, या टीव्हीचा रिमोट आहे का. "नाही," मी न बघताच म्हणालो. सगळी ताकद लावून खेळलो. त्यांनीही लावली. आणि मी हरलो. साफ, कोरा, कसलीही सबब नसलेला पराभव. वर त्यांनी बोट पुढे केलं आणि सुरू झाले, "आता बघा, हा तुमचा उंट..."

"अहो, खड्ड्यात गेला उंट!" मी ओरडलो. "लेक्चर बंद करा आणि परत मांडा!"

समोरच्या दुकानातले लोक वळून बघायला लागले. चाचा बाहेर आले. मी जीभ चावली. मुलाच्या बापावर, लग्न तोंडावर आलेलं असताना, भर बुधवार पेठेत ओरडलो होतो मी. व्याही पटावरचे मोहरे गोळा करत म्हणाले, "मांडतोय ना. ओरडता कशाला?" आणि हसले. मी त्यांना हसताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी ते गेल्यावर लेकीला फोन केला.

"काय झालं बाबा?"

"हरलो."

"मुद्दाम?"

"नाही गं. सगळं लावलं आणि हरलो. भांडलोसुद्धा. उद्या परत येणार आहेत."

नाक ओढल्याचा आवाज आला. "मग ठीक आहे, बाबा," ती म्हणाली. "मग मी बिनघोर जाते तिकडे."

पत्रिका छापल्या, हॉल ठरवला, साड्या घेतल्या, पण ती जाणार आहे हे मला तोपर्यंत खरं वाटलंच नव्हतं. फोन हातात तसाच राहिला. दुपारचा रिमोटवाला पुन्हा दारात उभा राहिला तर मला त्याला धड "नाही"सुद्धा म्हणता येईना.